जास्तीची तार

मित्रांनो, पंप म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर विहिरीवर धडधडणारा, नाही तर गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप येत असेल. ते माझे थोरले भाऊ. मी मात्र गरम पाण्याच्या टबाखाली बसून काम करणारा एक जुना पंप आहे. हा टब म्हणजे रोजच्या आंघोळीचा नव्हे. त्यात चार माणसे गळ्यापर्यंत पाण्यात बसतात, पाणी सदोदित ऊन असते आणि टबाच्या भिंतीतल्या छोट्या तोंडांतून धारा सुटून बसणाऱ्याचे अंग शेकून काढतात. ते पाणी फिरवणारा मी. सध्या मी मागच्या व्हरांड्यातल्या फळीवर, चादरीच्या एका तुकड्यावर बसलो आहे. तुम्हाला वाटेल, मोडला असेल बिचारा. तसे असते तर मी एवढा वेळ बोलत बसलो नसतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका टोकाला तांब्याच्या तारेची वेटोळी होती आणि दुसऱ्या टोकाला मी तयार होऊन बाहेर पडलो. वाटेत कुणी माझ्या पोटात पाणी ढकलणारा पंखा बसवला, कुणी पाठीवर मोटर चढवली, आणि पाण्याची व विजेची गाठ पडू नये म्हणून मध्ये एक सील घातले. सील म्हणजे एक छोटीशी कडी. पण आम्हा पंपांचा जीव तिच्यातच असतो. शेवटच्या टेबलावर तपासनीस मावशी होत्या. त्यांनी मला पाण्याला जोडले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ गं. चालू आहे की बंद, तेच कळत नाही!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. मी शांत आहे याचा मला तेव्हापासून गर्व झाला, आणि आज त्याच गर्वाची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

एक गोष्ट आधी सांगून ठेवायला हवी. मला दोन चाली आहेत. बटण एकदा दाबले की मी हळू चालतो. तेव्हा पाणी सावकाश फिरते, गाळून निघते, तापते आणि धारा नुसत्या हात फिरवल्यासारख्या लागतात. बटण दुसऱ्यांदा दाबले की मी जोरात सुटतो. प्रत्येक चालीला वेगळी तार असते. लोकांना माझी दुसरी चाल ठाऊक होती. पहिली चालताना मी एवढा गप्प असायचो की ती आहे हेच पुष्कळांना माहीत नव्हते.

पहिली सात वर्षे मी एका अतिथिगृहात काढली. तिथे येणारी माणसे सुट्टीवर आलेली असत आणि सुट्टीवरची माणसे कशी असतात ते मी तुम्हाला काय सांगू! ती टबात उतरली की दोनदा बटण दाबत आणि धारा उसळल्या की टाळ्या पिटत. एकदा एका काकांनी फेस यावा म्हणून टबात साबणाची अख्खी बाटली ओतली. फेस टब सोडून जिन्यावर गेला, काका फेसात चष्मा शोधत बसले आणि माझ्या पोटात तीन दिवस बुडबुडे होत होते.

त्या वेळी तो घोळ ज्यांनी निस्तरला ते मिस्त्री माझे खरे जिवलग. त्यांची तपासायची एक रीत होती. ते पेचकसाचे टोक माझ्या पाठीवर टेकवत, मूठ स्वतःच्या कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. हत्यारांची पेटी उघडायच्या आधी त्यांचे ऐकणे चाले. "यंत्र खोटं बोलत नाही," ते म्हणायचे, "आपणच अर्धं ऐकून उठतो." दर तीन महिन्यांनी टबातले पाणी बदलायचे कामही तेच करत.

पुढे अतिथिगृह बंद पडले. टबावर ताडपत्री पडली आणि दोन वर्षे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. जोरात चालताना पडलेल्या टाळ्या आठवत मी पडून राहिलो, आणि मग एके दिवशी मिस्त्रींच्याच ओळखीने टबासकट मी या घरी आलो.

या घरात दोघेच जण राहतात. मास्तर आणि बाई. मास्तरांनी शाळेत गणित शिकवले आणि बाईंनी त्याच शाळेत चित्रकला. दोघेही निवृत्त झाले होते. मी यायच्या महिनाभर आधी बाईंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात बराच सावरला, पण उजवा पाय ऐकेना. त्यांना व्यायाम शिकवायला एक ताई येत. ऊन पाण्यात शरीर हलके होते, तिथे पाऊल टाकायला शिकता येईल, असे त्यांनीच सुचवले होते.

"पहिले सहा महिने सोन्याचे समजा," ताई मास्तरांना म्हणाल्या. "गेलेलं परत येतं ते जास्त करून याच दिवसांत."

"तुम्हाला काय काय परत हवंय?" ताईंनी बाईंना विचारले.

"फार नाही," बाई म्हणाल्या. "इथून फाटकापर्यंत एकटीनं जायचंय. कुणाचा हात न धरता. बास."

मागच्या दारापासून फाटकापर्यंत फरशीची सरळ वाट आहे. मध्ये दोन कुंड्या आणि एक पायरी. तुम्ही ती दहा उड्यांत ओलांडाल. बाईंना ती ओलांडायची होती, आणि मित्रांनो, मलाही त्यांना ती ओलांडताना पाहायचे होते.

रोज सकाळी बाई टबात उतरत. ताई काठावर बसून त्यांना काखेत आधार देत. बाई कडेची स्टीलची दांडी धरून उभ्या राहत आणि मी माझ्या पहिल्या चालीने पाणी त्यांच्या पोटरीवरून फिरवत राही. इथे कुणी टाळ्या वाजवत नव्हते. पण एके दिवशी बाईंच्या उजव्या पायाची बोटे टबाच्या तळाला दाबली गेली. मला ते पाण्यातून कळले. काही आठवड्यांनी बाईंनी दांडीवरची मूठ सोडली आणि फक्त एक बोट टेकवून त्या उभ्या राहिल्या. मास्तर टॉवेल घेऊन उभे होते. ते डोळे पुसायला लागले ते त्याच टॉवेलने.

"अहो, तो माझा टॉवेल आहे," बाई म्हणाल्या.

माझ्या सबंध आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस ते. अतिथिगृहातल्या टाळ्या मी विसरून गेलो.

तीन महिने झाले आणि पाणी बदलायची वेळ आली. नेमके तेव्हाच मिस्त्रींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवस खाली वाकायला मनाई केली होती. मास्तर म्हणाले, "पाणी काढायचं आणि पाणी भरायचं. त्यात काय ब्रह्मज्ञान लागतं?" त्यांनी टब रिकामा केला, आतून घासून लख्ख केला, जाळी धुतली, पुन्हा काठोकाठ भरला आणि बटण दाबले.

मी फिरलो. पण माझ्या पोटात पाणीच नव्हते. टब रिकामा झाला तेव्हा पाइपात हवा शिरली होती आणि ती माझ्या तोंडाशी अडून बसली होती. वर टबभर पाणी आणि मी आत कोरडा. मी नुसता हूं हूं करत राहिलो. मिस्त्री दर वेळी पाइपाच्या जोडावरचे जाड नट जरासे सैल करून ती हवा सोडत. मास्तरांना हे कुणी सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारलेही नव्हते.

त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. ते माझ्या शेजारीच उभे होते, म्हणून मला दोन्ही बाजूंचे ऐकू आले.

"मिस्त्री, पंप गेला. कधी येताय?"

"अजून दहा दिवस तरी वाकायचं नाही मला, मास्तर. पण आवाज कसा येतोय ते—"

"दहा दिवस? इथे एकेक दिवस सोन्याचा आहे हो!" असे म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

मिस्त्रींचा प्रश्न अर्धाच राहिला. मित्रांनो, तो प्रश्न पुरा झाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मास्तर बटण दाबत राहिले. बंद करायचे, चालू करायचे, पुन्हा बंद. तासभर मी कोरडा फिरलो. सील पाण्यावाचून तापले आणि शेवटी त्याला तडा गेला. माझ्याखाली पाण्याचे दोन थेंब पडले. मास्तरांनी बॅटरी लावून ते पाहिले आणि ते बाईंना म्हणाले, "हे बघ, फुटलाय!" त्यांनीच मला जाळले आणि माझेच दोन थेंब माझ्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. मला फार राग आला होता. तो राग पुढे टिकला नाही, कारण मास्तर बायकोच्या पायासाठी कासावीस झाले होते हे मी पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला सोडवले आणि पिशवीत घालून पंपांच्या दुकानात नेले. दुकानदाराने मला काउंटरवर उलटेपालटे केले. माझ्या अंगावरची पाटी बरीच गंजली होती, त्यावरचा दोनचा आकडा तेवढा दिसत होता.

"दोन हॉर्सपॉवर," दुकानदार म्हणाला. "आणि याला चार तारा दिसतायत. अगदी असाच हवा तर मागवावा लागेल, पंधरा दिवस. तीनचा तयार आहे, पण घरच्या टबाला जरा जास्त होईल. कुणासाठी हवाय?"

मास्तरांनी तारांचे ऐकलेच नाही. त्यांच्या डोक्यात त्रैराशिक सुरू झाले होते. जन्मभर त्यांनी तेच शिकवले होते.

"दोनच्या पंपानं सहा महिने लागतात," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तर तीनच्या पंपानं किती? व्यस्त प्रमाण. चार महिने." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पाइपाची तोंडं जुळतील ना? मग द्या तीनचा!"

घरी येऊन त्यांनी बाईंनाही हा हिशेब उत्साहाने ऐकवला. बाई हसून म्हणाल्या, "अहो, मी म्हणजे काय तुमच्या गणितातला हौद आहे का, दोन नळ सोडले की लवकर भरायला?" मास्तरही हसले. मला मात्र हसू आले नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा तो प्रकार होता.

दुकानातला फिटर आला. त्याने नवा पंप बसवला. टबाकडून चार तारा आल्या होत्या आणि नव्याला तीनच लागत होत्या, कारण त्याला एकच चाल होती. फिटरने उरलेल्या तारेच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली.

"ही एक जास्तीची राहिली."

"चालेल ना?" मास्तरांनी विचारले.

"चालेल की. काय होतंय!"

मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात पिशवीतून डोके बाहेर काढून सगळे पाहत होतो. ती तार जास्तीची नव्हती. ती माझ्या हळू चालण्याची तार होती. पण मी ओरडणार कसा? सगळी हयात गप्प राहण्याची फुशारकी मारलेली.

फिटरने मात्र जाता जाता हवा सोडली होती, त्यामुळे नवा पंप लगेच पाणी ओढू लागला. मास्तरांनी सकाळपासून टबाचे झाकण लावून तो चालवला, पाणी ऊन केले आणि बंद केला. झाकणाखाली काय उसळत होते ते कुणी पाहिले नाही. मग ताई आल्या. बाई नेहमीसारख्या पाण्यात उतरल्या, दांडीजवळ उभ्या राहिल्या आणि कौतुकाने दांडीवर एकच बोट टेकवले.

"चालू करा," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी बटण एकदा दाबले. काहीच झाले नाही, कारण त्या दाबण्याची तार चिकटपट्टीत होती. त्यांनी पुन्हा दाबले.

सगळ्या धारा एकदम सुटल्या. एक थेट बाईंच्या उजव्या गुडघ्यामागे बसली. पाय पुढे निसटला आणि बाई पाण्याखाली गेल्या. ताईंनी दोन्ही हातांनी त्यांना वर खेचले. सगळे मिळून तीन-चार क्षण गेले असतील. हाड मोडले नाही, खरचटलेही नाही. बाई बराच वेळ खोकत होत्या, आणि मास्तर बटणावर बोट ठेवून तसेच उभे होते, बंद करायचे असते हेसुद्धा त्यांना सुचत नव्हते. ताईंनीच हात लांब करून बटण दाबले.

त्या दिवसानंतर बाई टबात उतरल्या नाहीत. ताईंनी परोपरीने समजावले. मग जमिनीवरचे व्यायाम सुरू झाले. पण पाण्यात जो पाय धीटपणे तळाला टेकत होता, तो जमिनीवर थरथरू लागला आणि बाई पुन्हा दोन्ही हातांनी आधार शोधू लागल्या.

दहा-बारा दिवसांनी मिस्त्री आले, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. "वरातीमागून घोडं आलंय," ते दारातच म्हणाले. मास्तरांनी सगळे सांगितले. मिस्त्रींनी मला पिशवीतून काढले, माझा दांडा हाताने फिरवला, पेचकस टेकवून कान लावला.

"बेअरिंग नव्यासारखं आहे," ते म्हणाले. मग सील उघडून पाहिले. "हे जळलंय. कोरडा फिरवलात, मास्तर. पंप गेलाच नव्हता. हवा अडकली होती."

"मग काय करायला हवं होतं?"

"हा नट अर्धा फेरा सैल करायचा. फुस्स होतं. पाणी आलं की आवळायचा."

"आणि?"

"आणि काही नाही."

मिस्त्री टबाखाली डोकावले आणि त्यांना काळी चिकटपट्टी दिसली. "ही तार कुणी गुंडाळली?"

"जास्तीची होती."

"जास्तीची नव्हती हो. हळू चालायची तीच होती."

मास्तर जवळच्या पालथ्या बादलीवर बसले. मिस्त्रींनी त्यांना पाणी आणून दिले.

मिस्त्रींनी त्याच दिवशी माझे सील बदलले आणि मला माझ्या जागी बसवले. माझ्या चारही तारा जोडल्या गेल्या. मी पहिल्या चालीने निघालो आणि पाणी पूर्वीसारखे सावकाश फिरू लागले. इतक्या मनापासून मी कधीच चाललो नव्हतो.

संध्याकाळी मास्तर बाईंना हात धरून टबाजवळ घेऊन आले. त्यांनी काही लपवले नाही. अर्धवट ठेवलेला फोन, दुकानदाराचे न ऐकलेले बोलणे, तार, सगळे सांगितले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "हवं तर महिनाभर बोलू नकोस माझ्याशी. पण पाण्यात चल. हा जुनाच आहे, बघ. किती हळू चालतोय."

बाईंनी वाकून तळहात पाण्यात धरला. पाणी त्यांच्या बोटांमधून गेले. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो. मग त्यांनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"माझा तुमच्यावर राग नाही हो," त्या म्हणाल्या. "राग असता तर तुम्ही समजूत काढली असती आणि तो गेलाही असता. ही भीती आहे. ती माझंही ऐकत नाही."

पुढचे कितीतरी दिवस मास्तर ताईंच्या वेळेला झाकण उघडून मला हळू चालवत. बाई खुर्चीवर बसून पाण्याकडे पाहत. एकदा त्यांनी चांगला पाय घोट्यापर्यंत बुडवलाही. पण आजारी पाय त्यांनी उचललाच नाही. सोन्याचे सहा महिने असे काठावर बसून गेले. मग पाणी काढून टाकण्यात आले. साचलेल्या ओलीने मी खराब होऊ नये म्हणून मिस्त्रींनी मला पुसून, कोरडा करून या फळीवर आणून ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे यंत्र कधी कण्हू लागले तर त्याला लगेच मेलेले ठरवू नका. आधी त्याचा आवाज ऐका. जाणत्याला विचारा आणि त्याचा प्रश्न पुरा होऊ द्या. नवे आणायची वेळ आलीच, तर ते किती जोराचे आहे एवढेच पाहू नका. जुने हळूच काय काय करत होते ते आधी नीट बघा, आणि एखादी तार उरली तर ती का उरली हे विचारल्याशिवाय फिटरला जाऊ देऊ नका. माणसांनाही हेच लागू आहे असे मला वाटते, पण मी पंप आहे, माणसांबद्दल मी जास्त बोलू नये.

आज मी ठणठणीत आहे. माझे सील नवे आहे, चारही तारा शाबूत आहेत आणि याच गोष्टीचे मला सर्वांत वाईट वाटते. या फळीवरून फाटकाची वाट स्पष्ट दिसते. रोज संध्याकाळी बाई मास्तरांचा हात धरून फाटकापर्यंत जातात. त्या दोन कुंड्या ओलांडतात, पायरी उतरतात. पायरीनंतर मास्तर आपला हात हळूच सैल सोडून पाहतात, आणि बाई तो घट्ट धरतात.